सरकारी खर्चाच्या कार्यक्रमात दूध-तुपाशिवायचं जेवण: ठेवावं का, आणि ठेवलं तर निविदेत काय लिहावं?

आस्थापना_टेबल

नमस्कार मंडळी,

जिल्हास्तरावरचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. उपस्थिती ३०० च्या आसपास, खर्च पूर्ण सरकारी. नाश्ता आणि जेवण संपूर्ण वनस्पतीजन्य ठेवावं असा प्रस्ताव आलाय. मांस-अंडी नाहीत एवढंच नाही, तर दूध, दही, तूप, पनीर, खवा यातलंही काही नाही. कारणं दिलीत पर्यावरणाची आणि खर्चाची.

विरोध दोन्हीकडून आहे. एक गट म्हणतो, ताक आणि तुपाची धार नसेल तर ती पंगत कसली. दुसरा म्हणतो, सरकारी मांडवात आधीच शाकाहार गृहीत धरलेला असतो, त्यात हे आणखी एक सोवळं.

मला तत्त्वचर्चाही हवी आहे आणि व्यवहारही. आचाऱ्याला नेमकं काय सांगायचं? प्रमाण काय धरायचं? लोक अर्धपोटी उठतील का? लेखापरीक्षणात काही अडेल का? ज्यांनी मोठ्या पंगतींचं काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

पंगतवाला

आधी एक नियम. नक्कल करू नका. सोयाचं पनीर, बदामाचं दही, नारळाच्या दुधातली 'मखनी' असलं काही यादीत आलं की खर्च वाढतो, आचाऱ्याचा हात बसलेला नसतो आणि लोक पहिल्या घासाला मूळ पदार्थाशी तुलना करतात. आपल्याकडे मुळातच दूध-तुपाशिवायचे पदार्थ ढीगभर आहेत, तेच निवडा. ज्वारीची भाकरी आणि थोड्या पोळ्या, मटकीची उसळ किंवा पिठलं, भरली वांगी, चिंचगुळाची आमटी, भात, ठेचा, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याचा लाडू. यातलं काहीच कुणाला 'वेगळं' वाटत नाही.

प्रमाण १०० माणसांचं देतो, तीनने गुणा.

मटकी कोरडी ४ किलो. मोड आल्यावर साधारण दुप्पट ते अडीचपट होते. ८ तास भिजवायची, मग १२ ते १४ तास बांधून ठेवायची. एप्रिल-मे असेल तर बांधलेली मटकी आंबते, बुळबुळीत होते. वास घेऊन बघा, आंबूस असेल तर धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका, सरळ टाकून द्या. म्हणूनच उन्हाळ्यात मी पिठलं सुचवतो. बेसन ४ किलो, पाणी चौपट. पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच फोडणीत, नाहीतर शंभर माणसांच्या टोपात गुठळ्या मोडता मोडत नाहीत. पिठलं उभं राहिलं की घट्ट होत जातं, म्हणून शेजारी उकळतं पाणी ठेवा.

आमटीला तूरडाळ साडेतीन किलो. भाकरी असेल तर तांदूळ ७ ते ८ किलो पुरतात, नसेल तर १० लागतात. वांगी ९ ते १० किलो, लहान, माणशी दोन. त्याला दाण्याचं कूट दीड किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, तीळ पाव किलो. एका टोपात १० किलोच्या वर वांगी नकोत. वरची शिजेपर्यंत खालची मोडतात आणि ढवळलं की भरीत होतं. लाडवांना शेंगदाणे ३ किलो, गूळ २ किलो, ४५ ते ५० ग्रॅमचे शंभर होतात.

आता भाकरी. इथेच सगळे फसतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि गार झाली की ती कडक होते. सकाळी १० ला थापून डब्यात भरलेली भाकरी दीड वाजता वाढली तर निम्मी ताटात परत येते. ३०० माणसांना दीड भाकरी धरली तर ४५० होतात. एका किलो पिठाच्या ११ धरा, म्हणजे ४१ किलो पीठ. एका तव्यावर एक बाई तासाला ३० पर्यंत काढते. सहा तवे, अडीच तास. म्हणजे पहिली पंगत बसायच्या तासभर आधी सुरुवात करून जेवण चालू असतानाही तवे चालूच राहिले पाहिजेत. बचत गटाला हे काम वेगळं द्या, केटररच्या माणसांकडून भाकरीची अपेक्षा ठेवू नका. तेवढे तवे आणि माणसं मिळत नसतील तर भाकरीचं नाव काढू नका, तेल लावलेल्या पोळ्या ठेवा.

ताकाऐवजी कोकम सरबत. सोलकढी छान लागते, पण १५० मिलीचा पेला धरला तर शंभर जणांना २० ते २२ नारळ लागतात, दूध सकाळी काढायचं आणि गार ठेवायचं. उन्हात तीन-चार तासांत ते उतरतं. कोकणाबाहेर हा उद्योग करू नये असं माझं मत. आगळ (कोकमाचा घट्ट रस) शेवटी घालायचं आणि कढी तापवायची नाही, हे तिकडच्या आचाऱ्याला सांगावं लागत नाही, घाटावर हमखास सांगावं लागतं.

कोशिंबिरीत मीठ-लिंबू वाढायच्या वेळीच घाला, आधी घातलं की पातेल्यात पाणीच पाणी.

लेखाशीर्ष

कागदाची बाजू लिहितो.

निविदेत किंवा दरपत्रकात नुसतं 'व्हेगन जेवण' असं लिहाल तर तीन पुरवठादार तीन अर्थ काढतील. एक मसालेभातावर तूप सोडेल, कारण 'शाकाहारीच आहे की साहेब'. म्हणून काय चालणार नाही त्याची यादीच लिहा: दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, पनीर, खवा, दूधपावडर, मध, अंडी, मांस, मासे. शिवाय पदार्थांची नावं आणि माणशी वजन. 'एक सुकी भाजी, एक रस्सा भाजी' असं मोघम लिहिलं की रस्सा पातळ होत जातो आणि तक्रार करायला आधार उरत नाही.

लपलेलं दूध कुठे असतं ते तपासायला सांगा. लादीपाववर काही बेकऱ्या दुधाचा हात फिरवतात किंवा पिठात दूधपावडर घालतात. नानच्या पिठात दही असतं. तयार ग्रेव्हीत दूधपावडर, बुंदीत आणि शिऱ्यात तूप, बहुतेक बिस्किटांत दूध. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून निर्धास्त होऊ नका, तो दूध आणि मध असलेल्या पदार्थांवरही असतो. व्हेगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांचं चिन्हही वेगळं आहे.

केटररचा १४ आकडी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक बिलावर हवाच. लेखापरीक्षणात मी पाहिलेले आक्षेप ताटात तूप होतं की नव्हतं यावर नसतात. ते असतात हजेरीपटावर २४० सह्या आणि बिल ३०० ताटांचं यावर. म्हणून किमान हमी ८० ते ८५ टक्के ताटांची ठेवा, बाकी प्रत्यक्ष मोजणीवर. मोजणीला कूपन. रिकामी ताटं मोजण्यावरून नंतर वाद होतो.

खर्चाचा मुद्दा प्रस्तावात जपून मांडा. पनीर गेलं की कच्च्या मालाचा खर्च नक्की उतरतो, पण भाकरी, मोड आणणं, वांगी भरणं यात मजुरी चढते. ताटामागे निम्मी बचत वगैरे लिहिलंत आणि दर तेवढाच आला तर प्रस्तावच हास्यास्पद ठरतो.

भाकरी_ठेचा

वरचा मेनू उत्तमच आहे, पिठलं-भाकरीला नाही कोण म्हणेल? माझा आक्षेप ताटावर नाही, आदेशावर आहे.

सरकारी पैसा सगळ्यांचा आणि राज्यातले बहुसंख्य लोक मांस-मासे खातात. तरी सरकारी मांडवात 'साधं जेवण' म्हणजे आपोआप शाकाहारी. का? ही सवय कुणाच्या स्वयंपाकघरातून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही इतकंच. कर्नाटकात मंड्याला डिसेंबर २०२४ मध्ये ८७ वं कन्नड साहित्य संमेलन झालं, तेव्हा मनाईच्या यादीत दारू, तंबाखू आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून मांसाहार छापला होता. लोक भडकले ते जेवण मिळालं नाही म्हणून नव्हे, आपलं रोजचं जेवण व्यसनांच्या रांगेत बसवलं म्हणून. शेवटच्या दिवशी तिथे अंडी वाटली गेली. केरळात जानेवारी २०२३ च्या कोळिकोडच्या शालेय कलोत्सवातही हाच वाद. मंत्री म्हणाले पुढच्या वर्षी मांसाहार देऊ, आणि पुढच्या वर्षी कोल्लमला जेवण पुन्हा शाकाहारीच.

आपल्याकडे २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली आणि आणखी काही महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवायचे आदेश काढले, तेव्हा केवढी राळ उडाली ते आठवा. त्या वातावरणात 'पर्यावरणासाठी वनस्पतीजन्य' हे परिपत्रक कसं वाचलं जाईल? कुणी कार्बन वाचणार नाही, सगळे बंदीच वाचतील.

आणि एक विनंती. हा नियम कार्यक्रमांवरून शाळा-आश्रमशाळांवर घसरू देऊ नका. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय नोव्हेंबर २०२३ चा, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवून लोकसहभागावर सोडलं. अधिकाऱ्यांच्या दोन दिवसांच्या ताटात काय असावं आणि वाढत्या पोराच्या वर्षभराच्या ताटात काय असावं, हे एकाच फाइलीत येता कामा नये.

उत्तरवारा

@भाकरी_ठेचा, शेवटच्या परिच्छेदाला +१. परदेशातही जिथे हे नीट झालं तिथे नेमकी हीच रेघ आखली होती.

हेलसिंकी शहराने जानेवारी २०२२ पासून स्वतःच्या समारंभांत आणि बैठकांत मांस देणं थांबवलं, पण शाळा आणि कर्मचाऱ्यांची उपाहारगृहं त्या निर्णयातून बाहेर ठेवली, स्थानिक मासे चालू ठेवले आणि काही उच्चस्तरीय भेटींना सवलत ठेवली. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१७ मध्ये आपल्या कार्यक्रमांत मांस-मासे बंद केले तेव्हा त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या कृषिमंत्र्यांनी उघड विरोध केला. इंग्लंडात ऑक्सफर्डशर काउंटी कौन्सिलने २०२१ च्या अखेरीस आपल्या बैठकांचं जेवण वनस्पतीजन्य करायचं ठरवलं, तर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात. ताटं मूठभर होती, पण स्थानिक पशुपालकांना तो आपल्यावरचा ठपका वाटला. आपल्याकडे दूध संघाच्या जिल्ह्यात हे करताना ही गोष्ट विसरू नका. पंगतीत जिल्हा दूध संघाचे संचालक पहिल्या रांगेत असतात.

न्यूयॉर्कची सार्वजनिक रुग्णालयं मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटतात. २०२२ पासून तिथे दुपारच्या जेवणात आधी वनस्पतीजन्य पदार्थच समोर ठेवतात, मग कुणी मांसाहार मागितला तर तोही देतात. बंदी नाही, फक्त क्रम बदलला. पुढे हीच पद्धत रात्रीच्या जेवणालाही आली. म्हणजे भांडण 'काय बंद' यावर न होता 'न सांगता काय मिळतं' यावर आलं.

वरणफळ

आहारशास्त्राच्या अंगाने. 'पनीर काढलं तर प्रथिनं कुठून?' हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून एका ताटाचा हिशेब मांडते. आकडे कच्च्या मालावरचे आणि ढोबळ.

दीड भाकरी म्हणजे ज्वारीचं पीठ १३५ ग्रॅम, प्रथिनं १३ ग्रॅम. मटकी ४० ग्रॅम, ९. तूरडाळ ३५ ग्रॅम, पावणेआठ. तांदूळ ७५ ग्रॅम, ५. लाडवातले आणि वांग्यातले मिळून शेंगदाणे ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे १० धरा. बेरीज ४४-४५ ग्रॅम. एका जेवणाला हे भरपूर आहे. नेहमीच्या सरकारी ताटात पनीरचे तुकडे माणशी ५० ग्रॅम आले तरी नशीब, आणि त्यातून ९ ग्रॅम मिळतात. पंगतवाल्यांच्या ४० ग्रॅम मटकीइतकेच.

पण हे गणित मटकी खरंच ४० ग्रॅम पडली तरच. केटरर उसळीत बटाटा वाढवतो, आमटी पातळ करतो, आणि मग ताट नुसतं भात-बटाट्याचं होतं. वजन निविदेत लिहा हा वरचा सल्ला म्हणूनच सोन्यासारखा.

पर्यावरणाचं कारण द्यायचं असेल तर एक किलो पनीरला गाईचं ५ ते ६ लिटर दूध लागतं हे सांगा. ३०० ताटांना १५ किलो पनीर, म्हणजे ७५ ते ९० लिटर दूध एका भाजीत. कोंबडी काढून पनीर घालणारं 'हिरवं' जेवण पर्यावरणाच्या हिशेबात फार काही साधत नाही. अवांतर: स्वस्तातलं 'ॲनालॉग' पनीर आलं तर ते ना धड पनीर ना धड वनस्पतीजन्य. चरबी वनस्पती तेलाची, बाकी दूधपावडर.

बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतीजन्य जेवणात नसतं. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात त्याने काही बिघडत नाही. रोजच्या वसतिगृहात बिघडतं, आणि तिथे मी भाकरी_ठेचा यांच्या बाजूने आहे.

शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे ३०० मध्ये एखाद-दुसरे निघू शकतात. लाडू, कूट, ठेचा, सगळीकडे दाणे आहेत. पदार्थापुढे पाटी लावाच, आणि एक कोशिंबीर व एक भाजी बिनदाण्याची ठेवा.

आस्थापना_टेबल

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. चहाचं काय करायचं? आणि उपास, जैन वगैरे मंडळी?

पंगतवाला

चहात शहाणपणा करू नका. सोयाचं दूध आल्याच्या उकळत्या चहात घातलं की फाटतं. चहाची आंबट-तुरट बाजू आणि उष्णता, दोन्हीला त्यातलं प्रथिन गोळा होतं. फाटू नये म्हणून चहा जरा निववून दूध वेगळं कोमट करून घालायचं असतं. हे एका कपाला ठीक आहे, ३०० कपांच्या किटलीला कोण करत बसणार? गवती चहा-आलं-गूळ घालून कोरा चहा एका थर्मासमध्ये, नेहमीचा दुधाचा चहा दुसऱ्यात, दोन्हींवर पाट्या. दुधाचा चहा काढून टाकलात तर अकराच्या सुट्टीत निम्मं सभागृह गेटबाहेरच्या टपरीवर असेल आणि साडेअकराचं सत्र बाराला सुरू होईल.

जैनांसाठी कांदा-लसूण आणि कंदाशिवाय एक भाजी, एक आमटी. वेगळा टोप, वेगळा डाव, आणि ती आधी करून बाजूला काढायची. सामायिक फोडणीतून 'थोडी काढून ठेवली' असं होता कामा नये. उपासाचा दिवस तारखेत येतोय का ते पंचांगात आधी बघा. भगर ठेवायची तर सुटी, जुनी, दमट वासाची नको. बुरशी धरलेल्या भगरीने विषबाधा होते, त्यापेक्षा रताळी, दाण्याची आमटी आणि केळी बरी. साबुदाण्याची खिचडी तुपाऐवजी शेंगदाणा तेलात चांगली होते.

आणि भात. मसालेभात सकाळी करून दुपारपर्यंत झाकून कोमट ठेवणं हे पंगतींतल्या पोटदुखीचं नेहमीचं कारण आहे. वाफ निघते एवढा गरम, म्हणजे ६० अंशांच्या वर राहील अशी सोय नसेल तर दोन हप्त्यांत शिजवा.

भाकरी_ठेचा

दुधाचा चहा ठेवणार असाल तर मग 'संपूर्ण वनस्पतीजन्य' कुठे राहिलं? उगाच डांगोरा कशाला? मेनू छापा, शिर्षक छापू नका. पिठलं-भाकरीला कुणी आक्षेप घेत नाही, 'व्हेगन धोरण' म्हटलं की घेतात.

उत्तरवारा

@भाकरी_ठेचा, इथे थोडा असहमत. सार्वजनिक पैशाचा निर्णय गुपचूप करायचा, हे मला पटत नाही. कारण लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी ते तपासू शकेल. फक्त कारण ताटाचं लिहा, खाणाऱ्याच्या चारित्र्याचं नको.

लेखाशीर्ष

दोघांचं जमेल असं. आदेशात 'मनाई', 'वर्ज्य' हे शब्द घेऊ नका. न चालणाऱ्या घटकांची यादी फक्त पुरवठादाराच्या करारात, ती निमंत्रणपत्रिकेवर छापायची वस्तू नव्हे. नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक ओळ: 'जेवण वनस्पतीजन्य असेल. दही, ताक किंवा उकडलेलं अंडं हवं असल्यास येथे खूण करा.' खुणा कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मोजा, तेवढीच मागणी वेगळ्या बाबीत, वेगळ्या दराने नोंदवा आणि तेवढीच कूपनं वेगळ्या रंगाची काढा. अंडी असतील तर ती वाढायचं टेबल जैन टेबलापासून लांब, पण मुख्य मांडवातच. मागच्या दाराशी ठेवलंत तर मंड्याचाच वाद पुन्हा ओढवून घ्याल. आणि मोजणीचा तो कागद बिलाला जोडा. पुढच्या निविदेला खरा आकडा तिथूनच मिळतो.